सोनेतारण नव्हे, तारण

संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या, मोठ्या मुलांच्या वर्गात मी एकदा विचारलं, "तारण म्हणजे काय?" नववीतला एक मुलगा पटकन म्हणाला, "आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्यात, ते." वर्ग खो-खो हसला. तो मात्र हसला नाही, कारण त्याच्या मते त्याने बरोबरच उत्तर दिलं होतं. नगरच्या बाजारपेठेतून (शहराचं नाव आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) चालत निघालं की 'सोनेतारण कर्ज'च्या पाट्या पावलोपावली दिसतात. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या रिक्षाच्या पाठीवर 'येशू माझा तारणारा' असं लिहिलेलं असतं. पोरांनी कोणता अर्थ धरायचा?

धर्मांतराची काही बातमी आली की ओळखीतले लोकही हळूच विचारतात, "तुम्ही मुलांना तिथे नक्की शिकवता तरी काय?" प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार भरले, म्हणजे शंभरात धड एकही नाही. बहुतेकांनी आमचा वर्ग आतून पाहिलेलाच नसतो. मी त्या वर्गात बरीच वर्षं शिकवते, तेव्हा मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

## शब्द कुठून आला

'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. तारणे म्हणजे पार नेणे, बुडणाऱ्याला काठाला लावणे. होडीला तारू म्हणतात ते त्यावरूनच. मराठी बायबलने हाच शब्द घेतला. येशू या नावाचा मूळ हिब्रू अर्थही 'यहोवा तारतो' असाच आहे. म्हणजे ख्रिस्ती माणूस नुसतं नाव घेतो तेव्हाही तारणाबद्दलच बोलत असतो.

आता तारायचं कशापासून? उत्तर एका शब्दात: पाप. पण इथेच मुलांची पहिली गफलत होते. पाप म्हणजे खोटं बोलणं, ताईच्या डब्यातला लाडू पळवणं, अशी ती यादी करायला लागतात. यादी खोटी नाही, पण बायबलला म्हणायचंय ते यादीच्या मुळाशी आहे. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीक भाषेत पापासाठी जो नेहमीचा शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं असा आहे. माणूस ज्यासाठी घडवला गेला, ते देवाशी असलेलं नातंच तुटलं, आणि खोटेपणा, चोरी, हेवा ही त्या तुटण्याची लक्षणं, असं ख्रिस्ती शिकवण सांगते.

येशूने हे गोष्टीतून सांगितलं. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, मिळालेला पैसा परदेशात उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची वेळ येते, तेव्हा घरी परततो, आणि बाप त्याला दुरूनच पाहून धावत सुटतो. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातल्या मुलांना फोड करून सांगावं लागत नाही. बांधावरून बंद पडलेली बोलणी त्यांनी घरात पाहिलेली असतात. पाप म्हणजे ती वाटणी, आणि तारण म्हणजे बापाने धावत येऊन गळ्यात पडणं.

## पुरातली बोट

पुढचे दोन शब्द 'कृपा' आणि 'विश्वास'. कृपा म्हणजे न कमावता मिळालेली देणगी. विश्वास म्हणजे ती घ्यायला पुढे केलेला हात.

ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवा. पहिला मजला बुडालेला, माणसं गच्चीवर, आणि एनडीआरएफची बोट घराला येऊन लागलेली. गच्चीवरच्या आजीने काय केलं? हात पुढे केला आणि बोटीत पाय ठेवला. "मी पोहून आले" असं ती कधी म्हणणार नाही. पण हातच पुढे केला नसता, घर सोडायचं नाही म्हणून अडून बसली असती, तर बोट येऊनही उपयोग नव्हता. विश्वासाचं काम तेवढंच. वाचवते ती बोट.

हेच उदाहरण थोडं ताणलं तर आणखी एक गाठ सुटते. ख्रिस्ती माणसं तारण तिन्ही काळांत बोलतात: झालंय, होतंय, होईल. ऐकणारा गोंधळतो. पण आजीकडे पाहा. पाण्यातून ती बाहेर पडली, ते झालं. छावणीत राहून, औषधपाणी घेऊन, घरातला गाळ उपसून ती सावरते आहे, ते चालू आहे. आणि एक दिवस ती स्वतःच्या घरात पुन्हा चूल पेटवील, ते व्हायचंय. धर्मशास्त्रात या तिन्हींना जड जड नावं आहेत, मुलांना ती नसली तरी चालतं.

प्रत्येक उदाहरणाला मर्यादा असते, म्हणून एक सांगून ठेवते. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून जीव गेले. त्या भागातून आलेलं मूल वर्गात असेल तर मी हे उदाहरण देत नाही.

## मग वधस्तंभ कशाला?

बोट फुकट मिळाली तरी तिचा खर्च कोणीतरी केलेलाच असतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की तो खर्च येशूच्या वधस्तंभावरच्या (क्रूसावरच्या) मरणात झाला. कसा झाला, हे समजवायला अनेक चित्रं वापरतात. गुलामाला सोडवण्यासाठी भरलेली खंडणी, हे एक. न्यायालयातला दंड दुसऱ्याने भरणं, हे दुसरं. मरणावर मिळवलेला विजय, हे तिसरं. शुभवर्तमान, म्हणजे येशूविषयीची आनंदाची बातमी, सांगणाऱ्यांच्या तोंडी सर्वांत जास्त असतं ते न्यायालयाचं चित्र: न्यायाधीश दंड ठोठावतो, खाली उतरतो आणि स्वतःच्या खिशातून भरतो.

सातवीतल्या एका मुलीने त्यावर विचारलं, "दंड लावणारा तोच, भरणारा तोच, मग सरळ माफ का नाही करत?" प्रश्न पोरकट मुळीच नाही, मोठमोठ्या पंडितांना त्याने झुलवलंय. सगळ्या चर्चनी मिळून यातलं एकच चित्र अधिकृत ठरवलं, असं इतिहासात कधी झालेलं नाही. मी तिला उसनवारीच्या उदाहरणावर नेलं. कोणी उसने पैसे बुडवले आणि तुझ्या बाबांनी "जाऊ दे" म्हटलं, तर पैसे हवेत विरले का? ते बाबांच्याच खिशातून गेले. माफीची किंमत नेहमी माफ करणारा मोजतो. तिचं समाधान अर्धंच झालं, आणि मीही तिथेच थांबले. अर्धं समाधान घेऊन घरी जाणाऱ्या मुलांची मला काळजी वाटत नाही.

पाटल्यांचं उत्तर देणाऱ्या मुलाला मात्र इथे मी पूर्ण गुण दिले. आईने जिवापाड जपलेली वस्तू घरच्यांसाठी अडकवली. तो अगदी भलतीकडे गेला नव्हता.

## म्हणजे मोक्षच ना?

जवळचा शब्द आहे, पण तोच नाही. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती विचारात फेराच नाही: एक जन्म, एक मरण, मग न्याय, आणि शेवटी शरीरासह पुनरुत्थान. तारण झालेला माणूस देवात विरघळून जात नाही, लेकरासारखा देवापुढे राहतो. भक्तिमार्गातल्या माणसाला हे चटकन उमजतं, कारण मुक्तीपेक्षा देवाचा सहवास मागणारी परंपरा इथलीच आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत.

## फुकट आहे, तर चांगलं वागायचंच कशाला?

युरोपात याच प्रश्नावरून चर्च दुभंगलं. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने वाद उकरला तो पापाची शिक्षा सौम्य करून देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीवरून. त्याचं म्हणणं: तारण केवळ विश्वासाने, कर्माने नाही. कॅथलिक बाजूचं म्हणणं: सुरुवात कृपेनेच होते, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यायची असते. बायबलमध्ये दोन्हीकडची वचनं सापडतात. येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रात लिहितो की तारण हे देवाचं दान आहे, कर्मांमुळे झालेलं नाही. दुसऱ्या एका पत्रात याकोब लिहितो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. पावणेपाचशे वर्षांहून जास्त भांडून झाल्यावर १९९९ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरच्या अनुयायी चर्चचा लुथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूळ मुद्द्यावर आपण सहमत आहोत, असं त्यात म्हटलंय: स्वीकार कृपेने होतो, आणि सत्कर्मं त्यातून उगवतात. आंब्याला आंबे लागतात म्हणून ते झाड आंब्याचं होत नाही. ते आंब्याचंच असतं, म्हणून त्याला आंबे लागतात.

हे वाचायला सोपं आहे. शिकवताना मात्र आम्हीच त्यावर बोळा फिरवतो. आमच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता असतो. हजेरीला चांदणी, वचन पाठ केलं की चांदणी, शांत बसलं की चांदणी, आणि नाताळच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त चांदण्यांना बक्षीस. तोंडाने सांगतो, देवाचं प्रेम कमवावं लागत नाही. भिंतीवर त्याच प्रेमाचा हिशेब लिहून ठेवतो. मुलं तोंडाकडे कमी आणि भिंतीकडे जास्त पाहतात. माझ्या मते दहा-बारा वर्षं संडे स्कूलमध्ये येऊनही अनेक जण 'चांगला मुलगा झालो तर देव स्वर्गात घेईल' एवढंच घेऊन बाहेर पडतात, त्याचं एक कारण हा तक्ता आहे. मी तो काढायला निघाले तेव्हा पालकांनीच विरोध केला.

## तान्ह्या बाळाला काय कळतं?

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा प्रवेशविधी. कॅथलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट (त्या फुटीतून वेगळ्या झालेल्या) मंडळ्या तो बाळपणीच देतात: बाळाने हात पुढे केला नाही तरी आई त्याला कडेवर घेऊन बोटीत चढते, असा त्यांचा विचार. बाप्टिस्ट आणि इतर काही म्हणतात, ज्याने त्याने समजून-उमजून स्वतः पाय ठेवावा. गंमत म्हणजे १९७० मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्यात दोन्ही मतांचे लोक होते, म्हणून तिथे दोन्ही पद्धती ठेवल्या आहेत.

बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांना पुढे धर्मशिक्षण मिळतं. कॅथलिकांत साधारण सातव्या वर्षाच्या पुढे पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनातला पहिला सहभाग, होतं (पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ते वय एवढं खाली आणलं), आणि नंतर दृढीकरण, म्हणजे लहानपणी आईबापांनी दिलेला शब्द मुलाने स्वतःच्या तोंडाने देणं. सगळा प्रश्न याच जागी अडतो. जमीन वारशाने मिळते, आडनाव मिळतं, हातातलं बायबलही मिळतं. विश्वास मिळत नाही. दृढीकरणाच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत फोटो काढून पुढच्या रविवारपासून न दिसणारी मुलं प्रत्येक मंडळीला माहीत आहेत.

बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं तर? हा प्रश्न आया विचारतात, आणि हलक्या आवाजात विचारतात. मध्ययुगात अशा बाळांसाठी स्वर्ग आणि नरक यांच्या कडेला एक वेगळी जागा कल्पिली गेली होती. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने म्हटलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. आमच्या पाळकसाहेबांचं उत्तर त्याहून छोटं असतं: "बाळ देवाच्या हातात आहे, ताई."

## माझी मैत्रीण नरकात जाणार का?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. जिच्या घरी गणपतीत मोदक खाल्ले, जिने ईदला डबा आणून दिला, तिचं काय? काही मंडळ्यांचं उत्तर सरळ आहे: येशूवर जाणतेपणी विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. त्यांच्याजवळ वचनं आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये वेगळी दिशा घेतली: ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान त्यांच्या दोषाविना पोचलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, आणि तेही ख्रिस्ताच्याच कृपेने. तिसरे लोक म्हणतात, निवाडा देवाचा, आपण त्याच्या खुर्चीत बसू नये.

मी मुलांना तिन्ही उत्तरं सांगते आणि माझा कल तिसऱ्याकडे आहे हेही लपवत नाही. एक उत्तर मात्र वर्गात चालू देत नाही: मैत्रीण तोडण्याचं.

याला लागूनच नरकाच्या भीतीचा विषय आहे. मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका शिबिरात पाहुण्या वक्त्याने आगीचं असं वर्णन केलं की शेवटी 'येशूला स्वीकारतो' म्हणून सगळ्यांनी हात वर केले. हात वर करणाऱ्यांत माझी भाचीही होती. ती आठवडाभर दिवा लावून झोपली. भीतीने वर झालेले हात मोजून अहवाल लिहिता येतो, पण पंधरा-सोळाव्या वर्षी भीती ओसरते आणि तिच्याबरोबर सगळंच ओसरतं. जुने लोक यात आपल्यापेक्षा शहाणे होते. १५६३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे तरुणांना शिकवण्यासाठी १२९ प्रश्नांची एक प्रश्नोत्तरी तयार झाली. तिचा पहिला प्रश्न नरकाचा नाही. तो विचारतो, जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? उत्तराचा आशय असा, की मी माझा नाही, मी ख्रिस्ताचा आहे.

## हे लादणं नाही का?

आईबाप मुलांना भाषा, जेवण, सण देतात, तसा धर्मही देतात. वारीला कडेवर नेलेल्या बाळालाही कोणी संमती विचारत नाही. पण एवढ्याने आक्षेप संपत नाही, कारण इतिहास साफ नाही. पोर्तुगीज गोव्यात देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्यांवर बंदी आली आणि १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. सत्ता पाठीशी उभी असताना सांगितलेली कृपा कृपा राहत नाही.

आज कायद्याने चौकट आखून दिली आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत द्यायचं तर अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते. हे राज्यघटनेचं २८ वं कलम. २५ वं कलम धर्माचा प्रचार करू देतं, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणून संडे स्कूल चर्चमध्ये भरतं, मंडळीतल्या घरच्या मुलांसाठी. आणि खरं सांगायचं तर विश्वास म्हणजे पुढे केलेला हात असेल, तर तो मनगट धरून ओढता येत नाही. ओढला तर त्याला विश्वास म्हणायचं कारण उरत नाही.

## पोथी द्या

त्याच गोव्यात, सासष्टीत, थॉमस स्टीफन्स नावाचा, जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज पाद्री १५७९ पासून राहत होता. तो स्वतः लिहून ठेवतो की रविवारी धर्मशिक्षण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने त्याला अडवलं: आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं का देत नाही? त्या प्रश्नातून सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण उभं राहिलं आणि १६१६ मध्ये छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, आणि स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'. प्रश्नोत्तरं घोकून कंटाळलेल्यांना कथा हवी होती. तीनशे वर्षांनी टिळकांनी तेच ओळखलं, अभंग लिहिले, कीर्तन उभं केलं.

आता आमच्यापुढचं कोडं उलटं आहे. टिळकांची पदं आम्ही दर रविवारी गातो आणि पुढच्या बाकावरची मुलं मोबाइलवर बायबल उघडतात ते इंग्रजी. वसईत, पुण्यात, नगरात, सगळीकडे तेच. 'तारण' त्यांना पतसंस्थेतून कळतो, 'कृपा' हे कुणाच्या तरी मावशीचं नाव असतं. म्हणून मी अलीकडे व्याख्या घेत नाही. गोष्ट सांगते आणि मुलांना ती त्यांच्या भाषेत परत सांगायला लावते, इंग्रजी मिसळलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली. धाकटा परत आला, बापाने मेजवानी दिली, आणि शेतातून आलेला थोरला रुसून दारातच उभा राहिला: इतकी वर्षं मी राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. सगळे धाकट्याबद्दल बोलत होते. तक्त्यावर सर्वांत जास्त चांदण्या असलेली मुलगी मात्र गप्प होती. शेवटी तिने विचारलं, "टीचर, तो मोठा भाऊ जेवायला आत गेला का?"

मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय पुन्हा उघडून तिच्यापुढे धरला. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, पान उलटून पुढचं पाहिलं, आणि परत मागे आली. लूकने ते लिहिलेलं नाही.